अक्षर की अक्षराचे चित्र?

संत गुलाबराव महाराजांचा जन्म १८८१ साली विदर्भात झाला. वयाच्या नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. उणेपुरे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या माणसाच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. हे कसे घडले? पोथ्या आणि पुस्तके त्यांनी इतरांकडून वाचून घेतली, ऐकलेले ध्यानात ठेवले आणि आपले विचार सांगून दुसऱ्याच्या हातून उतरवून घेतले. त्यांना लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात ते योग्यच आहे. पण त्यांच्या प्रत्येक ग्रंथामागे कुणी वाचून दाखवणारा होता आणि कुणी लिहून घेणारा होता, हेही विसरता येत नाही.

जगभर असेच चालत आले. अरबी भाषेतला थोर कवी अबुल अला अल-मअर्री (९७३ ते १०५७) याची दृष्टी लहानपणीच देवीच्या रोगाने गेली. त्याची सगळी विद्या कानाने आलेली. आपल्या आसपासही संपूर्ण कुराण मुखोद्गत असणारे दृष्टिहीन हाफिज आढळतात, हरिपाठ आणि शेकडो अभंग तोंडपाठ असणारे दृष्टिहीन वारकरीही आढळतात. पाठांतराची ही परंपरा मोठी आहे. मात्र तिला मर्यादा आहे. ग्रंथ पाठ करता येतो. घरी आलेले पत्र, बँकेचा कागद, सातबाराचा उतारा पाठ करता येत नाही. तो वाचावाच लागतो. आणि स्वतःचे खासगी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे म्हणजे त्या पत्रात जे असेल ते आधी दुसऱ्याला कळणार, मग आपल्याला. दृष्टिहीनांच्या वाचनाचा इतिहास हा मधला हा माणूस हळूहळू दूर होण्याचा इतिहास आहे.

पहिले मोठे पाऊल टाकले ते लुई ब्रेलने. हा फ्रान्समधल्या खोगीर बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाच्या कामाच्या जागी खेळताना डोळ्याला हत्यार लागले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८२४ साली, त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत दादरची शाळा १९०० साली आणि व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ साली सुरू झाली. पण ब्रेल भारतात आली तरी ती एकच नव्हती. वेगवेगळ्या संस्थांत वेगवेगळे संकेत चालत. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली, तेव्हा कुठे देशातल्या भाषांना टिंबांची एक सामाईक व्यवस्था मिळाली. मराठीत याच परंपरेत स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केले.

ब्रेलने वाचक स्वतंत्र केला, पण पुस्तके फार थोडी दिली. टिंबांचे पान जाड असते आणि जागा खाते. डोळसांची एक कादंबरी ब्रेलमध्ये गेली की तिचे अनेक खंड होतात. शिवाय जे कुणीतरी ब्रेलमध्ये आणले तेवढेच वाचायला मिळते. बाकीच्यासाठी पुन्हा मधला माणूस आलाच.

मग यंत्र आले. अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ च्या जानेवारीत एक वाचनयंत्र लोकांपुढे ठेवले. छापील पान त्यावर ठेवायचे, यंत्र अक्षरे ओळखायचे आणि मोठ्याने वाचायचे. यंत्र अख्खे मेज व्यापणारे आणि सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरचे होते. परंतु छापील अक्षर मधल्या माणसावाचून कानापर्यंत पोहोचू शकते, हे त्याने दाखवून दिले.

त्यानंतर संगणक घरोघरी आणि कचेऱ्यांत आले. सुरुवातीच्या संगणकांवर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे असत. दृष्टिहीनांसाठी ती चांगली गोष्ट होती. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच ठेवलेले असे. ते उचलायचे आणि बोलणाऱ्या यंत्राकडे द्यायचे, एवढेच काम. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. टेड हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे अमेरिकन खेळाडू. १९७८ साली मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते प्रोग्रॅमर झाले, १९८७ साली त्यांनी भागीदारीत कंपनी काढली आणि 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर केला.

तेवढ्यात विंडोज आले. डोळसांना ते सोपे वाटले, कारण आता पडद्यावर चित्रे होती, खिडक्या होत्या, माऊस होता. पण जे डोळ्यांना सोपे झाले तेच कानांना अवघड झाले. पडद्यावर आता अक्षर राहिले नव्हते, अक्षराचे चित्र होते. स्क्रीन रीडर करणाऱ्यांना नव्याने डोके लढवावे लागले. संगणक पडद्यावर काय काय काढतो आहे यावर नजर ठेवून त्याची एक अदृश्य नोंदवही तयार करायची आणि त्या वहीतून वाचायचे, असा मार्ग निघाला. विंडोजवर चालणारा जॉज १९९५ च्या जानेवारीत आला.

राहता राहिला पैसा. अशा सॉफ्टवेअरची किंमत हजार डॉलरच्या आसपास असे, म्हणजे कित्येकदा संगणकापेक्षा त्याला बोलते करणेच महाग. ही कोंडी फोडली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी. मायकेल करन आणि जेम्स तेह लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. करन यांनी २००६ साली 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो मोफत, शिवाय कुणालाही त्यात भर घालता येईल असा खुला ठेवला. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठीही आहे.

आज नवा संगणक घेतला तर तो बोलता कसा करायचा, हे श्रोत्यांना थोडक्यात सांगतो. अलीकडच्या विंडोजमध्ये पहिल्यांदा बटण दाबल्यावरच, विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की आतला नॅरेटर बोलू लागतो. त्याचे ऐकत पुढच्या पायऱ्या ओलांडता येतात. शेजारी डोळस माणूस बसलाच पाहिजे असे नाही. नंतर एनव्हीडीए उतरवून घ्यायचा. तो पेनड्राइव्हवरही ठेवता येतो, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावरही आपला वाचक आपल्या खिशात. इन्सर्ट आणि एन या कळांनी त्याची यादी उघडते. तिथे मराठी आवाज निवडायचा आणि गती ठरवायची. सराव झालेले लोक इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला तो नुसता किलबिलाट वाटतो. मध्येच थांबवायचे तर कंट्रोल दाबायचे.

लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक. प्रत्येक कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारा लहानसा उंचवटा असतो. इनस्क्रिप्टमध्ये एफवर ऱ्हस्व वेलांटी आहे आणि जेवर र. उजव्या हाताच्या शेजारच्या बोटाखाली क, त्याच कळेवर शिफ्ट दाबले की ख. डाव्या हाताला मुख्यतः स्वर, उजव्या हाताला व्यंजने. बोटांना एकदा वाट कळली की पुन्हा विचारावे लागत नाही.

इथपर्यंत सगळे सुरळीत. खरी अडचण पुढे येते आणि ती यंत्राची नाही, मराठीची आहे.

आमच्या कुरुंदवाडात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी असा संगणक लावताना मी हजर होतो. उतारवयात त्यांची नजर गेलेली. मराठी आवाज सुरू झाला, एक बातमी वाचून झाली, गुरुजी खूश झाले. मग त्यांनी एका जुन्या स्मरणिकेची फाईल उघडायला सांगितली. तीत त्यांचा स्वतःचा लेख होता. मला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होते. संगणक मात्र इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम असे काहीबाही वाचू लागला. गुरुजी म्हणाले, "भाई, हे कुठल्या भाषेत बोलतंय? लेख तर मी मराठीत लिहिला होता."

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. त्यात क म्हणजे २३२५, ख म्हणजे २३२६. जगातल्या कुठल्याही संगणकावर ते तसेच राहतात. पण आपल्याकडे छपाईचे काम वर्षानुवर्षे वेगळ्या फाँटमध्ये चालले. त्या फाँटनी रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरले आणि त्यांच्यावर मराठी अक्षरांचे आकार चढवले. पडद्यावर 'घर' दिसते, कागदावर 'घर' छापले जाते, पण आत घ नसतो आणि र नसतो. डोळ्यांना दिसते ते मराठी असते, यंत्राला कळते ती रोमन अक्षरांची खिचडी. म्हणजे विंडोजने जो घोळ घातला होता, तोच आपण मराठीत हाताने घातला. अक्षर काढून टाकले आणि अक्षराचे चित्र ठेवले. किती स्मरणिका, किती दिवाळी अंक, किती कवितासंग्रह अशा फाईलींत पडून आहेत! डोळसांच्या दृष्टीने ते मराठी साहित्य आहे. दृष्टिहीन वाचकाच्या दृष्टीने ते अजून लिहिलेच गेलेले नाही.

शुद्ध युनिकोड असले तरी मराठी वाचणे यंत्राला सोपे नाही, हेही खरे. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच लिहितो, पण उच्चार दोन. 'जरा थांब' मधला जरा वेगळा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा वेगळा. लिहिताना फरक नाही. अर्थ कळला तरच उच्चार कळतो. कवितेत तर ओळीचा सगळा तोल अशा एखाद्या अक्षरावर असतो. यंत्राचा मराठी आवाज म्हणून काहीसा परका वाटतो. पण गुरुजींना त्याची फिकीर नव्हती. चुकीचा उच्चार माणूस मनात सुधारून घेतो. जिथे अक्षरच नाही तिथे सुधारणार काय?

कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तके वाचता येतील अशा रूपात आणण्याची मुभा मिळाली. याच हेतूने २०१३ साली झालेल्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला, २०१४ साली. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. वाट मोकळी आहे. त्या वाटेवर मराठी किती चालेल, हे मराठी टंकलिखित करणाऱ्यांवर आहे.

आणि हा प्रश्न केवळ पुस्तकांचा नाही. आमचे गाव कृष्णा-पंचगंगेच्या काठचे. २०१९ च्या महापुरात पाणी किती चढले, कुठला रस्ता बंद झाला, कुठे निवारा आहे, हे सगळे मोबाइलवरून फिरत होते. त्यातले बरेच संदेश म्हणजे छापील कागदाचे फोटो किंवा रंगीत फलक. मोबाइलमधला वाचक अशा फोटोपाशी येतो तेव्हा बहुधा 'चित्र' एवढेच सांगून पुढे जातो. चित्रातली अक्षरे ओळखणारी साधने आता आली आहेत, पण पुसट छपाई आणि जोडाक्षरे यांत ती अजून अडखळतात. पूर दारात असताना असल्या अडखळण्याला वेळ नसतो. तीच सूचना चार ओळींत टाईप करून पाठवली असती तर घरात एकटा असलेल्या दृष्टिहीन माणसालाही ती त्याच क्षणी कळली असती.

म्हणून विनंती साधी आहे. संस्थेची सूचना, गल्लीतल्या उत्सवाचे निमंत्रण, शाळेची स्मरणिका, स्वतःची कविता, काहीही असो, ते युनिकोडमध्ये लिहावे. फोटो पाठवायचाच असेल तर खाली तोच मजकूर टाईप करून जोडावा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. गावोगावच्या ग्रंथालयांनी आणि मंडळांनी आपापल्या फाईली बदलून घ्याव्यात. गुरुजींचा लेख आम्ही तसाच बदलून घेतला. दोन-चार ठिकाणी रफार चुकले होते. ते त्यांनी ऐकूनच पकडले आणि स्वतः दुरुस्त केले.