साधा चंदेरी इनॅमल
कॅप्टन असताना जबलपूरला, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, मी शक्तिमानच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा चंदेरी इनॅमल मारायला लावला. इंजिन तापलं, धूर निघाला, पापुद्रे सुटले. हवालदार काही बोलला नाही; तेच जास्त लागलं.

साध्या रंगातलं कार्बनी रेझिन जळतं. सिलिकोनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनचा. ॲल्युमिनियमची पूड घातलेला तो रंग 500 अंश सेल्सिअस सोसतो. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी सिलिकोनला नाव दिलं, त्यावर दशकं घालवली आणि 1936 साली यातून लवकर फार काही निघेलसं वाटत नाही, असं सांगितलं. 1943मध्ये, ऐन महायुद्धात, अमेरिकेत डाऊ कॉर्निंग सिलिकोनसाठीच उभी राहिली. किपिंग तेव्हा हयात होते!

आता मी आधी गंज धातूपर्यंत खरवडून घेतो. रंगानंतर इंजिन टप्प्याटप्प्याने तापवतो; त्याशिवाय हा रंग पिकत नाही.