अरुणाच्या वतीने बोलायचं कोणी?

कंपनीच्या पोर्टलवर 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' म्हणून मी अण्णांचा नंबर टाकलाय. विम्याला नॉमिनीही तेच. दिवाळीत कोऱ्हाळे बुद्रुकला गेलो तेव्हा त्यांना म्हटलं, उद्या मी व्हेंटिलेटरवर असलो तर डॉक्टर तुम्हालाच विचारतील, ठेवायचं की काढायचं.

"मग विचारायचंय काय त्यात? ठेवा म्हणणार," असं म्हणून ते उसाला पाणी द्यायला निघून गेले.

नॉमिनीला पैसे मिळतात, उपचारांबद्दल ठरवायचा अधिकार नाही. तो नेमका कोणाचा, यावर आपल्याकडचा सगळ्यात मोठा वाद झाला तो मुंबईच्या केईएममधल्या एका नर्सवरून.

अरुणा शानबाग मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच तिच्यावर हल्ला झाला, साखळीने गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हा ती पंचविशीत होती, लग्न ठरलेलं होतं. पुढची जवळजवळ ४२ वर्षं ती त्याच हॉस्पिटलात पडून राहिली. केईएमच्या नर्सच्या पिढ्या बदलल्या, पण तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं थांबलं नाही.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणाची 'मैत्रीण' म्हणून त्यांनी मागणी केली, की तिला अन्न देणं थांबवा. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने परोक्ष दयामरणाचा रस्ता पहिल्यांदा मोकळा केला, पण अरुणासाठी नाही. आईवडील हयात नव्हते; मग तिचं जवळचं कोण? न्यायालय म्हणालं, केईएमचे कर्मचारी. आणि त्यांना ती जगायला हवी होती. १८ मे २०१५ ला ती न्यूमोनियाने गेली.

मला यात विराणी चूक आणि नर्स बरोबर, किंवा उलट, असं म्हणवत नाही. दोघींचीही माया खरी होती. फक्त अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे सांगणारा एक कागदही नव्हता. पंचविशीत असला कागद करतं कोण?

९ मार्च २०१८ ला तो कागद कायदेशीर झाला: वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणजे जवळपास अशक्यच. २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आणि आपल्या वतीने बोलणारी माणसं एकाहून जास्त नेमता येतात. तरी मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी आपलं इच्छापत्र केलं, तेव्हा ते जपून ठेवायला अधिकारीच नेमलेला नव्हता. ते उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्याने अधिकारी नेमले.

नोटरी बारामतीत मिळेल. अडलंय ते नावावर. अण्णांचं घालावंसं वाटतं, नाही घातलं तर त्यांना लागेल. पण ते काय म्हणणार हे मला ठाऊक आहे.

शेवटी ताईला फोन केला. ती म्हणाली, "लिही माझं नाव. पण 'त्रास नको' एवढंच लिहून माझ्या गळ्यात टाकू नकोस. काय नको आणि किती दिवस वाट बघायची, ते स्पष्ट लिही. अण्णांना तोंड मला द्यायचंय."

तेवढा परिच्छेद अजून लिहून झालेला नाही.