तेर : पांढरीखालचं तगर

धाराशिव जिल्ह्यातलं तेर बहुतेकांना माहीत आहे ते गोरोबाकाकांमुळं. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे, वारकरी येतात, दर्शन घेऊन जातात. पण मंडळी, गोरोबाकाका ज्या मातीची मडकी घडवत होते, त्या मातीत त्यांच्याही आधीचं हजार-बाराशे वर्षांचं गाव गाडलेलं होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं (नाव त्यानं लिहिलं नाही) 'पेरिप्लस' नावाची सागरी प्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर सांगितलंय. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जायची. हे तगर कुठलं, यावर बरीच वर्षं वाद चालला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी दौलताबाद. 1901 साली फ्लीटनं ते तेरच असल्याचं मांडलं आणि आता तेच मानलं जातं. कोकणातले शिलाहार राजेसुद्धा स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य कोकणात, अभिमान मराठवाड्यातल्या गावाचा!

त्रिविक्रमाचं देऊळ आवर्जून पाहा. विटांचं, मागून गोल, वर गजपृष्ठ छत. मूळचा हा बौद्ध चैत्य असावा असं अभ्यासक म्हणतात. आणि पॉम्पेईत, म्हणजे इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या गावात, जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्या धाटणीची मूर्ती तेरलाही मिळाली आहे. भोकरदनलाही तशी मिळाली, त्यामुळं 'आमचीच तिकडं गेली' असं छातीठोक कुणी सांगू नये.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या पांढरीची टेकाडं म्हणजे शतकानुशतकं पडलेल्या घरांची माती. माळवदावर टाकायला हीच माती लागायची, म्हणून लोक टेकाडं उकरत. त्यातून मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या निघत. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जमवल्या नसत्या, तर आजचं तिथलं सरकारी संग्रहालय उभंच राहिलं नसतं. 1958 मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं, पण टेकाडांच्या मानानं ते थोडंच.

माळवदं गेली, स्लॅब आले. टोपलीनं माती नेणाऱ्याच्या हाताला मणी तरी लागायचा. जेसीबीच्या बकेटमध्ये काय गेलं ते ड्रायव्हरलाही कळत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अशा गावांत पाया खोदायच्या आधी पुरातत्त्वच्या माणसानं दोन दिवस येऊन बघावं, आणि त्यापायी कुणाचं घरकुल अडकणार नाही याची जबाबदारीही सरकारनंच घ्यावी. घर अडलं की लोक सापडलेली वस्तू दाखवायच्या ऐवजी पुन्हा मातीत ढकलतात.

तुमच्या गावाला पांढर आहे का? तिथं काय सापडलं, कमेंटमध्ये लिहा.