घोडा पडला तर कोणाचा?

आमच्या घरी एकच बैल होता आणि शेजाऱ्यांकडेही एकच. त्यामुळे दोन्ही घरांची सावड असे. दोघांचे बैल एका औताला जुंपायचे. एक दिवस आमचे रान, एक दिवस त्यांचे. मी सातवीत होतो त्या वर्षी, आमच्या रानात नांगरट चालू असताना, शेजाऱ्यांचा बैल बसला तो उठलाच नाही. ते म्हणाले, तुमच्या कामावर गेला, निम्मी किंमत द्या. वडील म्हणाले, सावडीत असे काही ठरले नव्हते. दोघांचेही खरे होते. पुढे कितीतरी वर्षे दोन घरांत बोलणे नव्हते.

नोकरी सांभाळून इतिहासाची साधने वाचण्याचा नाद मला पुढे लागला. रीतसर शिक्षण त्यातले नाही. पण मराठ्यांच्या घोडदळाविषयी वाचताना आमच्या बांधावरचा तो प्रश्न पुन्हा समोर आला. जनावर एकाचे आणि राबवणारा दुसरा, तर त्याचे मोल ठरवायचे कसे?

मराठी फौजेत स्वारांचे दोन मुख्य वर्ग होते, हे आपण शाळेत शिकतो. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. याच शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि १७४० च्या दशकातल्या मराठी स्वाऱ्यांची धास्ती तिथे त्याच नावाने उरली. ज्याच्या नावाने प्रांत थरथरला, तो शब्द मुळात दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्याचा होता.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात शिवकालीन मासिक वेतनाचे आकडे दिले आहेत. बारगिराला दोन ते पाच होन, शिलेदाराला सहा ते बारा. आकडे शेजारी मांडले की फरक निघतो चार ते सात होनांचा. तलवार दोघांची सारखीच, जिवाची जोखीमही सारखीच. म्हणजे शिलेदाराच्या पगारातला निम्म्याहून अधिक भाग माणसाचा नव्हे, घोड्याचा होता. ज्या शिलेदाराकडे जास्त घोडी असत, तो उरलेल्यांवर स्वतःचे बारगीर बसवी आणि त्या घोड्यांचा पगार आपण उचली.

मला वाटते, या फरकात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक रोजची : दाणा, वैरण, नाल, खोगीर. दुसरी कधीतरीची, पण एकाच दिवशी सगळे नेणारी : घोड्याचा मृत्यू. पहिलीचा हिशेब कोणालाही करता येतो. भांडण होते ते दुसरीवरून.

पागेत दोन्ही ओझी सरकारची. सभासद बखर सांगते की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात छावणीला दाणा, वैरण, औषधे आधीच साठवलेली असत. पण घोडा आपला नसला की हात सैल सुटतो. १६७० च्या दशकातले, चिपळूण भागातल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, यासाठी आपण ते आठवतो. मला त्यातला दुसरा मुद्दा तितकाच मोलाचा वाटतो. साठवलेली वैरण आताच मनमानी उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. घोडा सरकारचा असला तरी निष्काळजीपणाची जबाबदारी वापरणाऱ्याची, ही रेषा तिथे स्पष्ट ओढलेली आहे.

शिलेदाराचे दुखणे उलटे. घोडा मेला की भांडवल गेले आणि रोजगारही. मोगल फौजेवरच्या १९०३ च्या ग्रंथात विल्यम आयर्विनने नेमके हेच नोंदवले आहे : घोडा गमावला की स्वार बुडाला, म्हणून तो घोडा धोक्यात घालायला कचरे. जनावराची काळजी झाली, पण लढाई मागे पडली.

या दोन टोकांमधली वाट इंग्रजी अमलातल्या ‘सिल्लादार’ रिसाल्यांत सापडते. शब्द आपल्या शिलेदाराचाच. १८१७ मध्ये उभी राहिलेली पूना हॉर्स याच पद्धतीची. तिथे स्वार घोडा किंवा त्याची रक्कम घेऊन भरती होई आणि घोड्याचा खर्च धरून पगार मिळवी. शिवाय दरमहा प्रत्येकाने पलटणीच्या ‘चंदा’ निधीत थोडे घालायचे. कोणाचा घोडा गेला की नव्या घोड्याला त्यातून मदत. गवत आणणारा माणूस आणि त्याचे तट्टू किंवा खेचर दोन स्वारांत मिळून असे. भागीदारी होती, पण कशात आणि किती हे आधी ठरलेले होते.

ही वाटही अमर नव्हती. चंद्याचे गणित थोडी घोडी मरतील या भरवशावर उभे होते. १९१४ च्या महायुद्धात घोडी आणि माणसे इतक्या वेगाने लागू लागली की रिसाल्यांना आपापल्या बळावर भरती करणे झेपेना. युद्धानंतरच्या फेररचनेत, १९२१ च्या सुमारास, ही पद्धत मोडीत निघाली.

तरीही तिच्यातला विचार मला पटतो. उसन्या जनावराचा रास्त दर म्हणजे नुसता वैरणीचा दर नव्हे. त्यात मरणाचा वाटा हवा आणि तो जनावर जिवंत असताना, थोडा थोडा बाजूला पडायला हवा. मेल्यावर मागितलेली निम्मी किंमत देणाऱ्याला दंड वाटते, आणि न मिळालेली किंमत मागणाऱ्याला फसवणूक.

वडील आणि ते शेजारी, दोघेही आता नाहीत. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या मुलाला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, ‘सुगीला दोन्ही घरांनी पायलीभर जोंधळा बाजूला टाकला असता, तरी भागले असते.’

चंदा म्हणजे काय, हे मला इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.