किनाऱ्यावर चालणारी ओबीएम समुद्रात का बंद पडते? जुन्या बोट मोटरचा पेट्रोल पुरवठा असा तपासा

होडी किनाऱ्याला असताना दोरी ओढली की मोटर लगेच सुरू होते. आवाजही ठणठणीत. पण खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत वेग उतरतो, मोटर दोन-तीन गचके खाते आणि शांत होते. पाच मिनिटं थांबून पुन्हा दोरी ओढली तर परत सुरू. थोडं अंतर गेलं की परत बंद.

जुनी ओबीएम, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली आऊटबोर्ड मोटर वापरणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. अशा वेळी पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो. पण स्पार्क गेला तर इंजिन बहुतेक वेळा झटक्यात बंद होतं. पेट्रोल कमी पडलं तर ते आधी रडतं, वेग सोडतं आणि मग बंद पडतं. हा फरक लक्षात घेतला तर निम्मा वेळ वाचतो.

नुसती गैरसोय नाही, इंजिनही जाऊ शकतं

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ओबीएम टू-स्ट्रोक आहेत. त्यांना वंगणासाठी वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनपर्यंत जातं. त्यामुळे पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, आणि त्याच वेळी हवा जास्त झाल्याने इंजिन नेहमीपेक्षा तापतं. ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणून फुल थ्रॉटलवर रेटलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो, म्हणजे इंजिन सीझ होतं. वीस-तीस रुपयांच्या रबरी रिंगसाठी अख्खं इंजिन खोलायची वेळ येते ती अशी.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून

सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी छोटा स्क्रू असतो. टाकी गाडीतून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि होडीत ठेवल्यावर उघडायला विसरतात. बंद टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की आत निर्वात तयार होतो आणि पंपाला पुढचं पेट्रोल ओढता येत नाही. गंमत अशी, की टाकी उन्हात तापलेली असेल तर आतला दाब सुरुवातीला पेट्रोल उलट पुढे ढकलतो. म्हणून किनाऱ्यावर मोटर उत्तम चालते आणि दहा मिनिटांनी दगा देते.

मोटर बंद पडताना झाकण सैल केलं, ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर निदान झालं. मेकॅनिकची गरजच नाही.

खरा डॉक्टर म्हणजे रबरी बल्ब

टाकी आणि मोटर यांच्यामधल्या नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो, तो प्रायमर बल्ब. त्याच्या दोन्ही टोकांना पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह असतात. बल्बवरचा बाण मोटरकडे असायला हवा. नवीन नळी उलटी जोडल्याचे प्रकारही घडतात.

दाबून दाबून बल्ब कडक होतच नसेल, तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे किंवा बल्बचे व्हॉल्व्ह गेले आहेत. आधी बाण वर येईल असा बल्ब उभा धरून पुन्हा दाबून पाहावा. त्याचबरोबर कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे फ्लोटची सुई अडकलेली असते. अशा वेळी मोटर सुरू करायच्या भानगडीत पडू नये, आधी सांडलेलं पेट्रोल पुसावं.

मोटर चालू असताना बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, किंवा आतून सोललेली नळी. ही शेवटची शक्यता फसवी असते. बाहेरून नळी चांगली दिसते, पण आतला थर सुटून पडद्यासारखा मार्ग अडवतो.

सगळ्यात कामाची परीक्षा मोटर मरायला लागते तेव्हाची. कोणीतरी बल्ब सतत दाबत राहावं. त्याने इंजिन सावरलं, तर कार्बोरेटर बहुधा ठीक आहे. दोष इंजिनावरच्या फ्युएल पंपात किंवा त्याच्या अलीकडे आहे. बल्ब कडक असूनही इंजिन मरतंय, तर दोष पुढे, फिल्टर किंवा कार्बोरेटरमध्ये शोधावा.

मित्राची चालू टाकी आणि नळी मिळाली तर आणखी सोपं. ती जोडून मोटर नीट चालली, तर मोटरला हातही लावायचं कारण नाही.

लहान रिंग, मोठा घोटाळा

नळी मोटरला जोडली जाते त्या कनेक्टरमध्ये छोटी रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली किंवा चिरली की तिथून पेट्रोल गळतंच असं नाही, पण पंप ओढताना हवा मात्र आत शिरते. गळती दिसत नाही म्हणून सगळं ठीक आहे, हा समज इथेच चुकतो. केरोसीनवर चालणाऱ्या मोटरींमध्ये पेट्रोल आणि केरोसीन बदलण्याचा कॉकही असाच तपासावा लागतो. अशी मोटर पेट्रोलवर सुरू करून मग केरोसीनवर टाकतात. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणली नाही तर कार्बोरेटरमध्ये केरोसीन राहतं आणि पुढच्या वेळी थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं.

फ्युएल पंपात पातळ पडदा असतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर तो हलतो. पडदा ताठरला तर पुरवठा कमी होतो. फाटला तर पेट्रोल थेट इंजिनात जाऊन एखादा प्लग सतत ओला राहतो. जुन्या मोटरीत पडदा आणि गॅस्केट एकदा बदलून टाकणं, उघडून बघत बसण्यापेक्षा शहाणपणाचं.

कार्बोरेटरची वेळ शेवटी

स्लो चालताना बंद पडते, पण वेगात ठीक, असं असेल तर बारीक पायलट जेट तुंबलेला असतो. उलट, स्लो छान पण थ्रॉटल दिला की दम सोडते, तर मेन जेट, फिल्टर किंवा पंप. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारलं, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की समजावं. जेट साफ करताना तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की माप कायमचं बिघडतं. क्लीनरचा स्प्रे आणि हवेचा दाब पुरतो.

कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ ठेवावं. पाणी असेल तर ते खाली बसतं. देशात 2025 पासून सर्रास 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाशी जातात, नेमकं जिथून टाकीतली नळी ओढते तिथे. जुन्या रबरी भागांनाही ते मानवत नाही. नळी बदलताना इथेनॉल चालणारी बोटीची नळीच मागावी.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. विडी-सिगारेट लांब, मोटर पूर्ण बंद, जमलं तर टाकी किनाऱ्यावर. चालवून बघायचं असेल तर मोटरचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात हवा, कारण कोरडी चालवली तर पाण्याचा पंप जळतो. आणि समुद्रात मोटर बंद पडली तर झाकण खोलण्याआधी नांगर टाकावा. दुरुस्तीच्या नादात होडी खडकाकडे कधी सरकली ते कळत नाही. परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आहे.

पावसाळ्यात मोटर दोन महिने पडून राहते, तेव्हा नळी काढून, पाण्याच्या पिंपात चालवून कार्बोरेटर रिकामा करून ठेवतात. उरलेलं मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवू नये. नव्या हंगामात ताजं मिश्रण करताना मॅन्युअल बघावं: अनेक टू-स्ट्रोकना 50 ला 1, म्हणजे लिटरमागे 20 मिली ऑइल लागतं, तर काही जुन्या मोटरींना 25 ला 1, म्हणजे 40 मिली.