आयडा (लघुग्रह २४३)

मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील मुख्य पट्ट्यातला लघुग्रह. लघुग्रहालाही उपग्रह असू शकतो, याचा पहिला निर्विवाद पुरावा आयडाने दिला. योहान पालिसा यांनी २९ सप्टेंबर १८८४ रोजी व्हिएन्ना येथे त्याचा शोध लावला. नाव सुचवले ते तिथल्याच मोरिट्स फॉन कुफनर या बिअर-कारखानदार हौशी खगोलज्ञाने. ग्रीक पुराणकथेत बाल झ्यूसचा सांभाळ करणारी अप्सरा ती आयडा.

कोरोनिस कुलातला हा ओबडधोबड, विवरांनी भरलेला खडक सुमारे ६० किमी लांब आहे. तो ४ तास ३८ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि ४.८४ वर्षांत सूर्यप्रदक्षिणा पूर्ण करतो.

गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान २८ ऑगस्ट १९९३ रोजी आयडापासून सुमारे २,४०० किमी अंतरावरून गेले. यानाचा छत्रीसारखा मुख्य अँटेना दोन वर्षांपूर्वी उघडताना अडकला होता. त्यामुळे छायाचित्रे फितीवर साठवून लहान अँटेनातून संथपणे पाठवावी लागली व त्यात महिने गेले. अखेर १७ फेब्रुवारी १९९४ रोजी मोहिमेतील ॲन हार्च यांना आयडाशेजारी एक ठिपका दिसला. यानावरील अवरक्त उपकरणाच्या नोंदींनीही त्याला दुजोरा दिला. जेमतेम दीड किमी व्यासाच्या या उपग्रहाला क्रीटमधील आयडा पर्वतावर राहणाऱ्या पौराणिक डॅक्टिलांवरून ‘डॅक्टिल’ हे नाव मिळाले.

डॅक्टिलचे खरे मोल आकारात नाही. त्याच्यामुळे आयडाचे वजन करता आले. आयडा फार हलका असता, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणातून डॅक्टिल केव्हाच निसटला असता. पण हबल दुर्बिणीने शोध घेतला तेव्हा दूर जाणारा असा कोणताही पिंड सापडला नाही. उलट आयडा फार जड असता, तर डॅक्टिलची कक्षा त्याच्या इतकी जवळ आली असती, की ती टिकलीच नसती. या दोन मर्यादांमधून आयडाची घनता दर घन सेंमी.ला २.१ ते ३.१ ग्रॅम ठरली. लघुग्रहाच्या बाबतीत तेव्हा एवढेही मोठे यश होते.

आयडावरील ताज्या विवरांचा रंग जुन्या पृष्ठभागापेक्षा किंचित निळसर आढळला. सौरवारा व सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने खडकांचा रंग पालटतो, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

मात्र यानाला डॅक्टिलच्या कक्षेचा छोटासा तुकडाच टिपता आला. त्यामुळे तिचा नेमका आकार आणि प्रदक्षिणाकाल अजून निश्चित झालेला नाही.