सतरंजी उचलणारे हात

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी सभा भरवावयाची म्हणजे प्रथम सतरंज्या अंथरावयास कोणी तरी हवा, आणि सभा संपल्यावर त्या झटकून घड्या घालावयासही कोणी तरी हवाच. या ‘कोणी तरी’चे नाव स्वयंसेवक. शेवटचा वक्ता त्याचे आभार मानतो खरे. परंतु त्या वेळी श्रोते आपापल्या वहाणा शोधण्यात गुंतलेले असतात, आणि आभारांचा धनी मंडपामागे उसने आणलेले पेले मोजीत असतो.

ही गंमत आजची नव्हे. गोपाळ कृष्ण गोखले तरुण असताना पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील एका समारंभात त्यांस दारावर उभे केले होते. निमंत्रणपत्रिकेवाचून कोणास आत सोडावयाचे नाही, अशी आज्ञा होती. इतक्यात खुद्द न्यायमूर्ती रानडे पत्रिकेवाचून आले, आणि गोखल्यांनी त्यांसही अडविले, अशी आख्यायिका सांगतात. पुढे गोखले रानड्यांचेच पट्टशिष्य झाले. तेव्हा त्या अडवणुकीचा गुरूंस राग आला नसावा, हे उघड आहे.

याच्या अगदी उलट प्रकार १९०१ सालच्या कलकत्ता काँग्रेसमध्ये घडला. रिपन कॉलेजात प्रतिनिधींची उतरण्याची सोय होती. लोकमान्य टिळकही तेथेच उतरले होते. दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या गांधीजींस असे दिसले की, एका स्वयंसेवकास काम सांगावे, त्याने ते दुसऱ्यावर ढकलावे आणि दुसऱ्याने तिसऱ्यावर! शौचकूपांची घाण दाखविली, तेव्हा ते आपले काम नव्हे, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी मुकाट्याने झाडू मागून घेतला. दोष त्या मुलांचा नव्हता. वर्षातून तीन दिवस भरणाऱ्या सभेत त्यांस वळण लावणार कोण?

हसण्याचा भाग येथवर. एकाच खांद्यावर सारे ओझे पडले म्हणजे उत्साही माणूसही थकतो. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला विधवाश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत नेला. फर्गसन कॉलेजातील शिकवणे आटोपून ते रोज पायी तिकडे जावयाचे, पावसाळ्यात चिखल तुडवीत जावयाचे. अशा माणसाची वाहवा करणे सोपे असते. त्याच्याबरोबर ती वाट चालणे कठीण. १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला, तो असे चालणारे सोबती मिळावेत म्हणूनच.

बिलोली तालुक्यास तर या गोष्टीची फार मोठी किंमत ठाऊक आहे. निजामी अमलाखाली लोकांस जागे करीत फिरणारे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ साली अर्जापूरजवळ मारले गेले. त्यांस हार घालावयास सवड मिळाली नाही. परंतु त्यांच्या हातातील काम खाली पडले नाही. इतरांनी ते उचलले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. अर्जापूरच्या महाविद्यालयास आज पानसऱ्यांचे नाव आहे.

नाव देणे उचितच होय. मात्र जो हयात आहे, थकला आहे, आणि तरीही उद्याच्या सभेची किल्ली ज्याच्याच खिशात आहे, त्यास हारापेक्षा सोबत अधिक हवी असते. सभा संपल्यावर वहाणा जरा उशिरा शोधाव्या, आणि सतरंजीचे दुसरे टोक आपण धरावे. आभारप्रदर्शनाचा याहून चांगला प्रकार अद्याप कोणास सुचलेला नाही.